एका रेघेची फुली

मोहिनीताई नवं पुस्तक आधी नाकाशी धरायच्या. वाचायला बसताना चष्मा पदरानं पुसायच्या. गोष्टीतली माणसं जेवायला बसली असली, तर त्यांचं जेवण उरकल्याशिवाय पुस्तक मिटायच्या नाहीत. पुस्तक घरी आणलं की सतराव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक तिरकी रेघ. संपलं की तिच्यावर दुसरी. फुली झाली म्हणजे वाचलं.

पंचवटीतल्या त्या वाचनालयात अशा खुणा बरेच जण करत. संध्याची खूण म्हणजे एकविसाव्या पानावर छोटासा गोल.

परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या कादंबऱ्यांचं दोघींनाही वेड. त्यांत घडायचं फार थोडं. बर्फ पडायचा, सासू खिडकीत बसायची, मुलगा घरातही इंग्रजीत बोलू लागायचा. संध्या नुकतीच एम.ए. झालेली, दोन दिवसांत फडशा पाडायची. मोहिनीताई शिवणकाम सांभाळून महिनाभर पुरवायच्या. त्यांची धाकटी बहीण छाया कॅनडात होती.

"फोनवर नुसतं मजेत आहे म्हणते," त्या सांगायच्या. "खरं काय ते इथं कळतं."

नवी कादंबरी ग्रंथपाल हिरामणभाऊ आधी त्यांनाच देत. संध्याचा जळफळाट व्हायचा.

"वर्गणी मीही भरते, भाऊ."

"त्यांची बहीण आहे तिकडं. तुझं कोण आहे?"

आठवड्यानं पुस्तक परत द्यावं लागे. एक दिवस मांडणीत पडून राहिलं, तरच त्याच माणसाला पुन्हा मिळे. २००१ च्या दिवाळीनंतर संध्याला मांडणीत अशीच एक कादंबरी दिसली. एकविसाव्या पानावर गोल होता. बर्फ, सासू, खिडकी. वाचलेली असणार, म्हणून तिनं ठेवून दिली.

"नको का?" हिरामणभाऊ म्हणाले. "नवी आहे. तू मालेगावला मावशीकडं होतीस तेव्हा आली."

संध्या तडक मोहिनीताईंच्या घरी गेली.

"ताई, माझा गोल तुम्ही काढलात?"

शिलाई मशीनचं चाक थांबलं.

"काढला. तू दोन दिवसांत संपवतेस आणि वाचनालयाच्या जिन्यातच शेवट सांगून टाकतेस. माझी माणसं अजून विमानातसुद्धा बसलेली नसतात. हेवा वाटतो गं तुझा."

इतके दिवस आपण एकटीच जळतो आहोत, असं संध्याला वाटत होतं.

"आणि रविवारी मी निघाले. छायानं बोलावलंय, सहा महिन्यांसाठी. तेवढ्यात ही एक संपवायची होती."

म्हणजे बर्फही आधी त्यांनाच. संध्यानं 'सांभाळून जा' म्हटलं, पण मनापासून नाही.

सोमवारी हिरामणभाऊंनी ती कादंबरी तिच्यापुढं ठेवली. मोहिनीताईंनी ती पुन्हा नेली होती, आणि जाता जाता परत करून गेल्या होत्या. मधे ब्लाउजच्या कापडाची चिंधी होती. त्या पानावर कुटुंब जेवायला बसलं होतं. भात अजून वाढायचा होता.

संध्यानं सतरावं पान उघडलं. तिथं एकच रेघ होती.