अपवाद नाही

लोक त्यांना पाठीमागे कलमसाहेब म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. छत्तीस वर्षं ते कॅथेड्रलचे पाळक होते. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, बाप्तिस्मे, लग्नं, दफनविधी, सगळं घड्याळाच्या ठोक्याला. ते प्रवचनाला उभे राहिले की मागच्या बाकांवरचे डोळे मिटत, ते काही भक्तीनं नव्हे. सभेत नियमांचा प्रश्न निघाला, की मात्र सगळे त्यांच्याकडेच बघत.

ऐन तिशीत, नवे पाळक असतानाच, त्यांनी चर्चच्या नियमावलीत एक कलम लिहिलं. आधीचे पाळक वारून सहा महिने झाले तरी त्यांची विधवा आवारातलं घर सोडत नव्हती. 'पाळक निवृत्त झाल्यास वा वारल्यास कुटुंबाने तीस दिवसांत घर रिकामे करावे. अपवाद नाही.'

"अहो, राहू द्या की त्यांना थोडं," बायको म्हणाली.

"आज त्यांना, उद्या आणखी कुणाला?" म्हणत साहेब स्वतःच त्या बाईंकडून किल्ली आणायला गेले. मग त्या घरात हे दोघं राहायला आले.

तिथेच काचबिंदूनं बायकोची दृष्टी गेली. पण घर तिला तोंडपाठ होतं. शेगडीपासून खिडकीपर्यंत अकरा पावलं. चहा स्वतः करायची, थेंब सांडत नसे. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, की मगच ती आंधळी व्हायची.

निवृत्ती जवळ आली. आयुष्यात पहिल्यांदा साहेब अपवाद मागायला कॅथेड्रलच्या प्रमुखांकडे, डीनकडे गेले. डीन वयानं मुलासारखे. उपासना चालवायला त्यांना यांनीच शिकवलं होतं.

"सर, मी तरी काय करू? नवे पाळक लेकराबाळांना घेऊन यायचेत. आणि कलमाखाली सही तुमचीच आहे."

"तिला दिसत नाही हो."

"माहीत आहे, सर." डीनचे डोळे खरंच भरून आले. पण डोळे भरून आल्यानं कलम बदलत नाही, हे साहेबांइतकं कुणाला कळणार?

घर सुटलं, दुसरीकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. तीन दिवस बायको भिंती चाचपत फिरली. टेबलाचा कोपरा कमरेत बसला, हातावर उकळतं पाणी सांडलं. चौथ्या दिवशी पलंगाच्या कडेला बसली ती बसलीच.

"अगं, ऊठ. मी हात धरतो, पावलं मोजू."

"आता पाठ व्हायचं नाही हो मला," ती म्हणाली. रागावून म्हणाली असती तर त्यांना सोसलं असतं. "पाणी द्या थोडं."

ते पेला भरून तिच्याशेजारी उभे राहिले. तिनं घ्यायला हात पुढे केला, तो भलत्याच बाजूला.