नाक्यावरची शिलाई

लग्न झालं तेव्हा मला शिवण येत होतं, पण घरी मशीन नव्हतं. सोलापूरच्या मावशीनं लहानपणी शिकवलेलं. तिच्याच ओळखीत एक हातमशीन विकायला निघालं, तेव्हा आमच्या ह्यांनी करडईचे पैसे हातात पडताच गाडी जुंपली. मशीन घेतलं, दोऱ्याची रिळं घेतली आणि आम्ही नळदुर्गच्या वाटेला लागलो. गोणपाटात गुंडाळलेलं मशीन मी लेकरासारखं मांडीवर धरलं होतं.

निजामाच्या हद्दीत शिरताना नाका लागे. बाहेरून आणलेल्या मालावर तिथं करोडगिरी, म्हणजे जकात भरावी लागायची. अंमलदारानं गोणपाट बाजूला केलं.

"ये बेचने का माल है?"

"न्हाय साहेब. घरी बसून लोकांची कापडं शिवणार हाय," मी म्हणाले.

"मतलब धंदा. महसूल भरना पडेगा."

आमच्याजवळ तेवढं काही उरलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. पैसे आणा, मशीन सोडवून न्या, तोवर इथं जपून ठेवतो, असं त्यानं नीट समजावलं. हे खाली मान घालून उभे राहिले. मला तर रडूच येत होतं. पण तेवढ्यात खोळंबलेल्या गाड्यांकडं नजर गेली. एका गाडीवानाची बंडी खांद्यावर पार उसवली होती.

"साहेब, मशीन इथून हलवायचं न्हाय. पर इथंच बसून चालवलं तर?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग खो खो हसला. "चलाओ, बाई, चलाओ!"

लिंबाखाली घोंगडं अंथरलं. गाडीवानाची बंडी पहिली. मग शिपायांचे सदरे आले, कुणाची टोपी, कुणाचं धोतर. मी कापड सरकवायची, हे चाक फिरवायचे. बाप्ये हसायला लागले, "बायकोच्या हाताखाली लागलास व्हय रं?"

"लागलो की," हे म्हणाले, "मालकीण लई कडक हाय!"

दुपारी लग्नाचा बस्ता घेऊन परतणारं एक लिंगायत कुटुंब नाक्यावर थांबलं. नवरीच्या आईनं खण माझ्या पुढ्यात टाकला आणि "बेगा, बेगा!" म्हणत सुटली. लवकर कर, एवढं कानडी मलाही कळत होतं. त्यांच्या मालाची मोजदाद संपेस्तोवर चोळी तयार! तिनं मजुरी दिली, वर शेंगदाण्याचे लाडू दिले.

संध्याकाळी अंमलदार स्वतःच शेरवानी घेऊन आला. बाही लांब होती. शिवून दिली आणि धीर करून विचारलं, "साहेब, मजुरी?"

शिपायांनी डोळे वटारले. त्यानं मात्र खिशात हात घातला. "तुम्हारा तुमको, सरकार का सरकार को."

त्या रात्री आम्ही नाक्यामागच्या धर्मशाळेत राहिलो. दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत पुरेसे पैसे जमले. ह्यांनी ते मोजून भरले, मशीन उचललं, तरी दोघेतिघे कापडं धरून उभेच. "आता इथंच दुकान थाटता का?" एक शिपाई म्हणाला. सगळे हसले, आम्हीही हसलो.

वाटभर हे गुणगुणत होते. लग्नानंतर त्यांना गाताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. आवाज अगदीच बेसूर होता. तरी मी त्यांना थांबवलं नाही; उलट घर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "अवो, गाडी जरा हळू हाका."