चार वर्षं, एकच भाषा

किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. घरात बारावीचं मूल असेल आणि त्याला अमेरिकेतल्या एखाद्या नावाजलेल्या कॉलेजात जायचं असेल, तर फ्रीजरमधल्या खवलेल्या नारळासारखे डबेच्या डबे साठतात!

इथे सौदीत, जुबैलला आमचा तिघींचा शुक्रवारचा चहा असतो. मी, नाशिकची वैदेही आणि रत्नागिरीच्या रेहानाभाभी. तिघींचेही नवरे प्लँटवर. गेलं वर्षभर चहाला एकच विषय होता: या कॉलेजांना शाळेत परकी भाषा किती वर्षं शिकलेली लागते? बहुतेकांचं म्हणणं असं, की दोन वर्षं तरी हवीच, तीन-चार असली तर बरं.

माझ्या सईची होती दोन. दहावीला फ्रेंच संपलं तेव्हा तिला ते पुढे बाहेरून शिकायचं होतं. "आता कशाला? फिजिक्सला वेळ दे," असं सांगणारी मीच.

•

वैदेही मात्र निर्धास्त होती. तिच्या निनादची म्हणे सहा वर्षं झाली होती!

"सहा कशी?" मी विचारलं.

"दोन वर्षं अरबी, दोन वर्षं हिंदी, दोन वर्षं फ्रेंच. ज्यात मार्क जास्त मिळतील ते घ्यायचं. इथे सगळेच तसं करतात की!"

एका कॉलेजच्या ऑनलाइन सेमिनारमध्ये तिने हा हिशोब अभिमानाने मांडला. तिकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, तीन भाषांची सुरुवात म्हणजे एका भाषेची सहा वर्षं नव्हेत. कॉलेजला बघायचं असतं, की मूल एका गोष्टीत किती खोल गेलं.

वैदेही चिडून माझ्याकडे आली. "असं कुठे असतं का गं?"

मी म्हटलं, "वैदेही, आठ सोमवार आणि आठ गुरुवार केले, तर सोळा सोमवार होतात का?"

तिने बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाली, "तू त्या सेमिनारला असायला हवी होतीस."

•

आमच्या ह्यांना विचारलं, "तुम्ही इथे अठरा वर्षं आहात. सईला थोडं अरबी शिकवाल का?"

"शिकवतो की. यल्ला आणि खलास."

"आणि?"

"झालं. एकाने काम सुरू होतं, दुसऱ्याने संपतं. मधलं सगळं आम्ही हिंदीत करतो!"

हसले, आणि मग स्वतःच गंभीर झाले. "अठरा वर्षं गं," एवढंच म्हणाले आणि बूट घालून शिफ्टला गेले.

•

मी सोळा सोमवार धरले. सईच्या लक्षात आलं तिसऱ्या सोमवारी.

"आई, आर यू फास्टिंग फॉर माय फ्रेंच?"

"तुझ्या फ्रेंचसाठी नाही. तुला नको म्हटलं ना, त्यासाठी."

संध्याकाळी मी पूजा आटोपून उठले, तर ओट्यावर साबुदाणा भिजत घातलेला! पोरीला कुणी सांगितलं नव्हतं, की या व्रताला साबुदाणा चालत नाही. मी तो मंगळवारी खाल्ला. सगळा.

•

रेहानाभाभी उमऱ्याच्या यात्रेसाठी मक्केला निघाल्या. म्हणाल्या, "सईच्या कॉलेजाचं नाव सांग. दुवा मागते."

मी चिठ्ठी लिहून दिली.

"चिठ्ठी नको गो! तिथं काय चष्मा लावून वाचत बसू? तोंडपाठ करून घे माझ्याकडनं."

मग दोघी माझ्या स्वयंपाकघरात बसलो आणि ते लांबलचक नाव पंधरा वेळा म्हटलं. त्या परत आल्या तेव्हा तिकडचा खजूर घेता घेता मी विचारलंच, "भाभी, मागितलंत?"

"नाव आठवलं बरोबर. पण मागताना वाटलं, पोर एवढ्या लांब एकटी जायची. मग दुसरंच मागितलं. जिथं जाईल तिथं हिला जेवलीस का म्हणून विचारणारं कुणी भेटू दे." माझा हात दाबून म्हणाल्या, "कॉलेजाचं तू तुझ्या देवाला सांग. मी जेवणाचं सांगून आले."

•

आणि हा किस्सा खालच्या मजल्यावरचा.

तिथे आमच्या घरमालकाची आई राहते. मूळ हुफूफ गावची, सत्तरीपुढची. सई तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते. अकरावीपासून सई शाळेतून आली की अर्धा तास तिच्याकडे जायची. मला वाटायचं, खजूर खायला जाते.

फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा सई म्हणाली, "मी दोन वर्षं अरबी शिकतेय. खालाकडे. ते लिहायचंय."

शाळेत कॉलेजचे फॉर्म बघणारे सर केरळचे. भला माणूस, पण नियमाचा पक्का. "मॅडम, सर्टिफिकेट किधर है?" सर्टिफिकेट नव्हतं. मग म्हणाले, निदान शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आणा, त्यात किती वर्षं शिकवलं ते स्पष्ट हवं.

दोन दिवसांनी सईने पत्र आणलं. अरबीत, एक पान, खाली शाईचा अंगठा.

सर म्हणाले, "अक्षर किसका है?"

"माझं," सई म्हणाली. "खालाला लिहिता-वाचता येत नाही. ती बोलायला शिकवायची. अक्षरं मी तिच्या नातवाच्या पुस्तकातून शिकले. तिने सांगितलं तसं लिहिलंय, एक शब्द माझा नाही."

"शिफारसपत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहायचं नसतं, बेटा." सरांनी तरी कागद खाली ठेवला नाही. "क्या लिखा है, पढ़ो."

सई थांबत थांबत अर्थ सांगत गेली.

"माझा नवरा लांब नोकरीला होता, तेव्हा त्याने मला पत्रं पाठवली. मला वाचता येत नव्हतं, आणि ती दुसऱ्या कुणाला दाखवण्यासारखी नव्हती. तो गेला. मुलं मोठी झाली. पत्रं पेटीतच राहिली. ही मुलगी किती वर्षं शिकली ते मला सांगता येणार नाही. पेटीतली सगळी पत्रं वाचून झाली."