प्रोग्रॅम तोच होता

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आता तुम्हाला सांगतानाही दोन ओळी खोडून झाल्या — एकदा लिहिलं की मागे घेता येत नाही ना. फिरत फिरत काकांच्या कानावर गेलं तर? ही भीती आठ वर्षं माझ्या सोबत आहे. फोनवर त्यांचं नाव दिसलं की अजून मी दोन-तीन रिंग वाजू देतो.

काका म्हणजे व्यंकटरावकाका. सख्खे नव्हेत, म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले, कधीकाळी कापड रंगवणारे मराठी लोक. ते गणिताचे मास्तर, शाळेत मलाही त्यांनीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांना गो या खेळाचं वेड लागलं. पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडून जास्त जागा घेरायची, एवढंच. पण डोक्याचा पार भुगा होतो. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो, म्हणून त्यांच्यासाठी गो खेळणारा प्रोग्रॅम लिहिला. दर रविवारी सकाळी ते वही घेऊन माझ्या लॅपटॉपसमोर बसायचे, छोट्या पटावर चार डाव खेळायचे आणि चारही जिंकायचे.

इथपर्यंत छान आहे, नाही?

मग आमच्या समाजाच्या एका कार्यक्रमात, भर पंगतीत ते म्हणाले, "याच्या यंत्राला नापास करून करून मी दमलो, नोडप्पा, बघ बाबा! मास्तरच कच्चा असेल तर यंत्र काय करणार?" लोक हसले. मीही हसलो. पण मला ते लागलं. चाळिशी उलटलेल्या माणसाला, एवढ्याशा थट्टेने? हो — लागलं.

तो प्रोग्रॅम कसा चालायचा ते सांगायला हवं. प्रत्येक खेळीआधी तो आतल्या आत हजारो डाव शेवटपर्यंत खेळून बघायचा, बरेचसे अंदाधुंद, आणि ज्या खेळीने जास्त डाव जिंकता येतील ती निवडायचा. हे आतले डाव दुप्पट केले की तो थोडा हुशार होतो. पुन्हा दुप्पट केले की आणखी थोडा. त्यासाठी एक ओळही बदलावी लागत नाही, फक्त जास्त ताकदीचं मशीन लागतं. ते कॉलेजात होतं. मी लॅपटॉप इंटरनेटवरून त्याला जोडला. उत्तर पूर्वीसारखंच दहा सेकंदांत यायचं. समोर बसलेल्याला काय कळणार?

आणि मी ताकद वाढवत गेलो — एकदम नाही, दर रविवारी दुप्पट. पहिल्या रविवारी काका चारही जिंकले. मग तीन. मग दोन. मग पुन्हा दोन. मग एक. हरायचेही अगदी थोडक्यात, कारण किती फरकाने जिंकतो याची त्या प्रोग्रॅमला पर्वाच नव्हती. थोडक्यात हरलेला माणूस चूक स्वतःतच शोधतो.

थांबा, आधी त्यांच्या थोरल्या भावाचं, अण्णांचं, सांगायला हवं. त्यांना हळूहळू विसरायला व्हायला लागलं होतं. आधी किल्ल्या, मग माणसं. एक दिवस ते टी. नरसीपूरच्या बसस्टँडवर सापडले, स्वतःचं नाव सांगता येईना. तेव्हापासून काकांना जगात एकाच गोष्टीची भीती होती. ती मला माहीत होती. पहिल्या रविवारीही माहीत होती.

सहाव्या रविवारी ते चारही डाव हरले. मग विचारलं, "प्रोग्रॅम तोच ना रे? तू काही बदललं नाहीस ना?"

मी म्हणालो, "तोच आहे, काका."

एक ओळही बदलली नव्हती... बघा, अजून मी ते वाक्य खरं ठरवायला बघतोय! ते खोटं होतं. बोलतानाच मला ठाऊक होतं.

त्यांनी वही मिटली. "साकु रे," म्हणाले, "आता पुरे."

ते पुन्हा खेळले नाहीत. स्कूटर जावयाला देऊन टाकली. एकटं बाहेर पडणं सोडलं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तर म्हणाले, अण्णालाही आधी असंच सांगितलं होतं. वर्षभरात घर बंद करून ते एच. डी. कोट्याला मुलीकडे राहायला गेले. खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी होती. ती त्यांनी मला दाखवलीसुद्धा, अक्षर नीट वाचता येतं का म्हणून. सामान टेम्पोत चढवायला मीच होतो. तेव्हा सांगता आलं नसतं? आलं असतं. मी घाबरलो. आधी ते रागावतील म्हणून, आणि नंतर इतके दिवस गप्प होतो म्हणून.

अजून एक राहिलंय. थट्टेचा राग तर दोन रविवारांतच ओसरला होता. मग पुढचे रविवार कशासाठी? मी आलेख काढत होतो. एका बाजूला मशीनची ताकद, दुसऱ्या बाजूला काकांनी जिंकलेले डाव. रेघ सुंदर उतरत होती. मला ती पूर्ण झालेली बघायची होती.

काकांना आजतागायत काहीही झालेलं नाही. आठ वर्षं ते त्या आजाराची वाट बघत बसलेत.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीने ती वही माझ्याकडे पाठवली, काकांनीच द्यायला सांगितली म्हणून. प्रत्येक डाव मास्तरांच्या अक्षरात नोंदलेला, समासात लाल शाईने शेरे. 'इथे घाई.' 'हे दिसायला हवं होतं.' 'पूर्वी दिसलं असतं.' चूक म्हणून शेरा मारलेल्या कितीतरी खेळ्या मी मशीनवर तपासल्या. त्या बरोबर होत्या. शेवटच्या पानावर एकच ओळ आहे: 'प्रोग्रॅम तोच. फरक माझ्यात पडला.'

परवा त्यांचा फोन आला. वही मिळाली का, विचारलं. मिळाली म्हणालो. "तुझ्या कामाला काही उपयोग झाला का रे तिचा?"

मी हो म्हणालो.