डाव्या खांद्याची वही

मास्तरांनी कोट टेबलावर आपटला तेव्हा खडूची धूळ उडाली. गिऱ्हाईकाने तो तिसऱ्यांदा परत पाठवला होता. डाव्या खांद्यावर पुन्हा तीच सुरकुती.

"हात आहेत की खुंट्या?" ते धाकट्या भावावर गरजले. मास्तरांनी कापायचे, धाकट्याने शिवायचे, ही दुकानातली वीस वर्षांची वाटणी.

"दादा, खुणेवरच शिवलंय."

मास्तरांनी स्वतःचा कोट चढवला. "हाच साचा, हीच कापणी. बघ कसा बसलाय!" प्रत्येक भांडणात हाच पुरावा पुढे येई.

"तुला बसतो रे." धाकट्याने मशीनवर झाकण ठेवले. "पलीकडच्या गल्लीत काम मिळालंय मला. उद्यापासून तूच काप, तूच शीव."

"जा! तुझ्यावाचून माझं काही अडत नाही!"

तो जिना चढून आपल्या खोलीत गेला. त्याच्या चुका मोजून तोंडावर फेकाव्यात, म्हणून मास्तरांनी दुरुस्तीची वही काढली. अक्षर त्यांचेच. 'डावा खांदा. शिवण चुकली. धाकटा.' अशा एकशे सतरा नोंदी. मोजता मोजता ते मागे गेले, धाकटा शाळेत होता त्या वर्षांपर्यंत. तिथेही डावा खांदा, तेवीस वेळा. शेरा मात्र वेगळा: 'गिऱ्हाईकाचा खांदा वाकडा.'

तेवीसही माणसे एकाच बाजूने वाकडी?

त्यांनी खिळ्यावरचे पुठ्ठ्याचे साचे ओरबाडून काढले, डाव्यावर उजवा ठेवला. डावा दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली. ऐन उमेदीत स्वतःचा उत्तम कोट उसवून त्यांनी हे साचे कापले होते. कापडाचे तागे वाहून उतरलेला त्यांचा खांदा पुठ्ठ्यात जसाच्या तसा आला होता.

अज्ञान म्हणून हे सोडून देता आले असते. पण धाकटा शाळेत असतानाच बायकोने एकदा हसत म्हटले होते, "खांदा तुमचाच उतरलाय, आरशाला विचारा." त्यावर त्यांनी चार दिवस अबोला धरला होता. अबोला लक्षात राहिला. त्यामागचे कारण मात्र ते सोयीने विसरले. स्वतःचीच त्यांना चीड आली.

साचे आणि वही घेऊन ते तरातरा वरच्या मजल्यावर भावाच्या खोलीत गेले. तो कात्री फडक्यात गुंडाळत होता.

"साचा चुकलाय. माझा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि तुला कधीपासून माहीत आहे?"

मास्तर वहीची जुनी पाने चाळू लागले.

"आता तरी खरं बोल, दादा."

"तू दुकानात यायच्या आधीपासून."

धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला. "वीस वर्षं! माझ्या पोरांसमोर माझ्या हातांना खुंट्या म्हणालास!"

मास्तर साचा फाडायला गेले. त्याने तो हिसकावला. "फाडून मोकळा होतोस? भिंतीला लाव. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे."

"लावतो."

"आणि वहीतलं माझं नाव खोड. एकशे सतरा वेळा. आणि तिथे स्वतःचं लिही." त्याने कात्रीचे फडके सोडले नाही, बांधलेही नाही. "संध्याकाळी येऊन मोजतो. राहायचं की जायचं, ते मग बघू."