खात्रीची काच

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या लुंबिनीचा एक तोरा होता: काचेवरचा नंबर वाचायचा, रजिस्टरातलं नाव नाही. एका खासगी लॅबमध्ये गाठींचे पातळ काप काढून ते काचेवर रंगवण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. नाव कळलं की हात थरथरतो, असं ती नव्या मुलींना बजावायची.

पी-५३ नावाच्या प्रथिनाची तपासणी म्हणजे तिचा हातखंडा. बिघडलेल्या पेशीला वाढू द्यायचं नाही, ऐकलंच नाही तर तिला संपवायचं, हे त्या प्रथिनाचं काम. तेच बिघडलं की पेशींना रान मोकळं, वाढतात, पसरतात. बिघडलेलं प्रथिन बहुतेकदा पेशीत साठत जातं आणि काच गडद तपकिरी दिसते. कॉलनीच्या गेटवर दहा वॉचमन, आणि दहाही झोपलेले, तशातली गत.

रंग नीट चढला की नाही ते ताडायला दर खेपेला, बिघाड आधीच ठाऊक असलेली एक खात्रीची काच सोबत लावावी लागते. दोन वर्षांपूर्वी नोएडाहून आलेला ४१७ नंबरचा तुकडा इतका स्वच्छ तपकिरी रंगला, की लुंबिनीनं तोच त्यासाठी राखून ठेवला. दर आठवड्याला त्याचा एक काप घ्यायचा, असा परिपाठच पडला.

मग तिच्याच स्तनात गाठ निघाली, काखेपर्यंत पोचलेली. घरात कुणाला कॅन्सर होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. ती ठामपणे नाही म्हणाली. थोरल्या शालिनीताईचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं होतं, पण गाठ साधी होती, असं ताईनंच सांगितलं होतं. तरी कागद बघावेत म्हणून ती मेट्रोनं मयूर विहारला ताईकडे गेली. ताईनं आधी चहा केला, मग पोहे. शेवटी कपाटातल्या साड्यांखालून फाइल निघाली.

फाइलीत कॅन्सर होता. पी-५३चा दोष जन्मजात आहे, भावंडांची आणि मुलांची तपासणी करा, असं लिहिलं होतं. वरच्या कोपऱ्यात नोएडाच्या हॉस्पिटलचं नाव होतं, आणि शेजारी लुंबिनीच्याच लॅबचा नंबर, ४१७.

"तेव्हा आपल्या मैत्रीच्या लग्नाची बोलणी चालू होती गं," ताईनं लेकीचं कारण पुढे केलं. "बाहेर कळलं असतं तर पोरीचं बिल्कुल मोडलं असतं."

"मी बाहेरची होते?"

ताई पोह्यांच्या बश्या उचलू लागली. हिनंच लुंबिनीला नागपूरहून दिल्लीला आणून शिकवलं होतं, आणि हिनंच तिचा घात केला होता. लुंबिनीला तिचा राग आला, आणि आपल्या त्या तोऱ्याचाही. एकदा रजिस्टर उघडलं असतं तरी पुरलं असतं. निघताना ताईनं गळ्याची शपथ घातली, मैत्रीला सांगू नकोस.

सोमवारी लुंबिनीनं हट्टानं स्वतःच्या गाठीचा काप स्वतःच रंगवला. शेजारी ४१७ लावला. दोन्ही काचा सारख्याच तपकिरी निघाल्या. तिनं हातमोजे काढले आणि भाचीला फोन लावला.

"मावशी, बोल ना. सकाळी सकाळी?"

"मैत्री, तुझ्या आईनं तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. जरा खाली बस."