तारेनं बांधलेलं तोंड

हंडा माझ्या जबड्यावर आदळला तेव्हा आधी आवाज आला, दुखणं नंतर. ओली फांदी मोडावी तसा आवाज, आणि तोही माझ्याच डोक्याच्या आतून. मी मटकन खाली बसले. तोंडात खडे आल्यासारखं वाटलं म्हणून थुंकले, तर दाताचे तुकडे पडले. समोर आमची शेजारीण उभी होती. स्टीलचा हंडा अजून तिच्या हातातच होता आणि तिच्या कपाळावरून रक्त नाकावर उतरत होतं. ते रक्त मी काढलेलं होतं. टँकरच्या पाइपाचं पितळी तोंड मी तिच्या कपाळात घातलं होतं आणि त्याच्या बदल्यात तिनं हंडा फिरवला होता.

आमची कॉलनी गारखेड्याच्या पुढची. आम्ही प्लॉट बघायला आलो तेव्हा तिथं ज्वारी उभी होती. काही वर्षांत घरं झाली, गेटं झाली, गच्चीवर काळ्या टाक्या बसल्या. पाणी मात्र आलंच नाही म्हणायचं. त्या उन्हाळ्यात जायकवाडीनं तळ गाठला होता आणि नळाला आठवड्यातून एखादवेळी धार यायची. शेजाऱ्यांनी थेट नळाच्या लाइनीवर मोटार बसवली होती. त्यांची मोटार सुरू झाली की आमच्या नळातून नुसती हवा फुसफुसायची. आधी कुरबुर झाली, मग शिव्या झाल्या. त्या सकाळी टँकरवरही आमची पाळी डावलून तिनं दुसऱ्यांदा पाइप लावला आणि माझं डोकं फिरलं.

मी बिडकीनच्या रस्त्यावरच्या एका शाळेत मास्तरीण होते. मुलांना भांडू नका म्हणून सांगण्यात माझं आयुष्य गेलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. "दोन ठिकाणी मोडलाय. वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधावे लागतील. तोंड उघडणार नाही." मग त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं, "शुगर आहे का ह्यांना?"

"आहे. गोळ्या चालू आहेत."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मग नीट ऐका. हाड हळू जुळणार. शुगर चढली तर जखमेत पू होईल आणि मला परत उघडावं लागेल. चावायचं तर नाहीच, पण गोड आणि पिठूळही नको. आणि एक पकड कायम हाताशी ठेवा. उलटी झाली, श्वास कोंडला, तर तारा कापायला."

हे वाळूजला कंपनीत कामाला, घरात हत्यारांना तोटा नव्हता. त्यांनी एक पकड माझ्या उशीपाशी ठेवली.

घरी बघायला येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात डबा होता. साबुदाण्याची खीर, दुधात कुस्करलेलं केळं, मोसंबीचा रस, तूप घातलेली भाताची पेज. सासूबाईंनी ज्वारीची आंबील केली. आपल्याकडं मऊ म्हटलं की ते गोड असतं नाहीतर पीठ असतं. मऊ आणि बिनसाखरेचं असं काही खायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी मोठ्या सिरिंजला लावलेली रबरी नळी दाढांच्या मागच्या फटीत घालायची आणि जे येईल ते गिळायची. भूक एवढी होती की काय गिळतोय ते बघत नव्हते.

काही दिवसांत गाल लाल होऊन ठणकू लागला. डॉक्टरांनी टाका सोडला आणि जखम दाबली. मी किंचाळले, पण दात बांधलेले. तो आवाज माणसाचा नव्हता. कातड्याखालून पिवळं पाणी आलं. शुगर बघून ते ह्यांच्यावर ओरडले, "काय पाजताय ह्यांना? असंच चाललं तर जबड्याचं हाड सडेल!"

त्या दिवशी घरी येताच सासूबाईंनी स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. साखरेचा डबा, गूळ, साबुदाणा, केळी, सगळं एका पिशवीत कोंबून कामवालीला देऊन टाकलं. "ह्या घरात आता गोडाचा कण दिसला तर हात तोडीन," म्हणाल्या. जन्मात अंड्याला न शिवलेली बाई, पण तिनं स्वतःच्या हातानं अंडी फोडली. ओट्याच्या कडेवर अशी आपटायच्या की टरफल हातात चुरा व्हायचं. पालक उकळून मिक्सरला लावायच्या, त्या गरम पाण्यात अंडं सोडून घुसळायच्या आणि गाळणीतून गाळायच्या. दुधी आणि पनीर एकत्र वाटून पातळ करायच्या. दही घुसळून त्यात जिरं आणि वाटलेली काकडी. माझा धाकटा भाऊ बिडकीनहून गावरान कोंबडी आणायचा. अंगणात तिची मान मुरगाळायचा आणि आमच्या चुलीवर तिचं आळणी शिजायचं, म्हणजे बिनतिखटाचं, नुसतं मीठ-हळदीचं पाणी. सासूबाई पदर नाकाला लावून ते गाळायच्या.

शुगर उतरली. जखम सुकायला लागली. पण माझ्या अंगात जनावर शिरलं होतं. संध्याकाळी तव्यावर भाकरी पडली की त्या वासानं माझ्या हातापायांना मुंग्या यायच्या. एकदा हे माझ्यासमोर बसून भाकरीबरोबर कच्चा कांदा खात होते. कुर्रम कुर्रम आवाज. मी हातातली सुपाची वाटी त्यांच्यावर फेकली. कानाजवळ लागली, हिरवं पाणी त्यांच्या शर्टावरून ओघळलं. त्यांनी ताट उचललं आणि बाहेर जाऊन जेवले. तेव्हापासून ते माझ्यासमोर जेवेनात, आणि त्यांचा सगळा राग शेजारच्या भिंतीकडं वळला.

दोन्ही घरांनी एकमेकांवर पोलिसात तक्रारी दिल्या होत्या. ठाण्यातून अजून बोलावणं आलं नव्हतं. भाऊ आला की दोघं ओसरीत बसायचे. भावाची जमीन कारखान्यांसाठी गेली होती, त्याच्या हाताला काम नव्हतं आणि डोक्यात सदा घण चालायचा.

"दाजी, बायकूचं तोंड फोडलं, अन् तुम्ही कागद देऊन बसले?" तो म्हणायचा.

"थांब जरा," हे म्हणायचे. पण मूठ आवळलेली असायची.

तो रविवार होता. दुपारी मी गोळी घेतली. सासूबाई सूप गाळत होत्या. तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं! पाणी आलं!" आमच्या नळानं एकदा धार सोडली आणि लगेच शेजारून मोटारीची घरघर सुरू झाली. नळातून फुस्स आवाज आला आणि धार बंद झाली.

ह्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली. भावानं काठी घेतली. सासूबाई गाळणी तशीच टाकून मागं धावल्या, "अरं नगा रे, नगा!" मी सिरिंज हातात घेऊन रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहिले.

भिंतीपलीकडं पहिला घाव पडला. लोखंडावर लोखंड. मग दुसरा, तिसरा. मोटार घरघरत घरघरत कुंथली आणि बंद पडली. बाईची किंकाळी आली, मग माणसांच्या शिव्या. मी भिंतीला धरत बाहेर पडले. हात थरथरत होते. भीतीनं असेल असं वाटलं. पाठीवरून घाम वाहत होता. उन्हानं असेल असं वाटलं.

त्यांच्या गेटातून आत बघितलं. भावानं शेजारणीच्या नवऱ्याला फरशीवर पाडून त्याच्या छातीवर गुडघा रोवला होता आणि तोंडावर बुक्क्या मारत होता. त्या माणसानं खालून भावाच्या केसांना धरलं होतं, सोडत नव्हता. हे पहार घेऊन मोटारीवर घाव घालत होते. मोटार केव्हाच फुटली होती, तरी घालत होते. सगळ्या अंगणात पाणी, आणि पाण्यात रक्त. मी ओरडले. पण बांधलेल्या दातांतून नुसतं हंबरल्यासारखं काहीतरी निघालं. कुणी बघितलं नाही. अंगण तिरपं झालं आणि मी त्या पाण्यात पडले.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं, काही सासूबाईंनी नंतर सांगितलं. पांढरं आभाळ. जीभ जागेवर नाही. सासूबाई पदरानं वारा घालतायत. कुणीतरी म्हणतंय, "ऊन लागलं, कांदा आणा." मग ह्यांचा आवाज, "श्वास कोंडला तिचा! पकड आणा, तारा कापतो!"

आणि मग शेजारीण माझ्यावर वाकलेली. कपाळावर माझ्या हातची ती जखम, अजून खपलीची.

"तारा नगा कापू भाऊ, श्वास चालू हाय तिचा. अंग बघा, बर्फावानी गार पडलंय. घामानं भिजलीय. साखर उतरलीय हिची. साखरेचं पाणी द्या आधी."

"साखर?" हे ओरडले. "तिला साखर बंद हाय! एकदा तोंड फोडलं, आता जीव घ्यायला आली व्हय?"

त्यांनी तिला ढकललं. ती मागं फुटलेल्या मोटारीवर पडली आणि पत्र्यानं तिचं कोपर फाटलं. ती उठली. रक्त बोटांवरून गळत होतं तरी परत माझ्यापाशी येऊन बसली.

"मारा अजून," ती म्हणाली. "पर साखर द्या. माझा बाप असाच गेला. गोळी घेऊन उपाशी शेतात गेला. लोक वारा घालीत बसले, साखर कुणी दिली नाय. आत्याबाई, तुमी तरी ऐका!"

सासूबाईंनी एकदा लेकाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. घरात साखरेचा कण नव्हता. त्यांनी स्वतःच देऊन टाकली होती. त्या उठल्या आणि ज्या घराशी बोलणं बंद होतं त्याच घराच्या स्वयंपाकघरात घुसल्या. डबे पाडल्याचे आवाज आले. पेल्यात साखर ढवळत बाहेर आल्या.

शेजारणीनं माझं डोकं मांडीवर उचलून धरलं आणि माझ्या सुजलेल्या गालात बोट घातलं. दाढांच्या मागची फट शोधत ते बोट मोडक्या हाडावरून सरकलं. ती कळ मी जन्मात विसरणार नाही. तिनं मला दुसऱ्यांदा फोडलं असंच मला वाटलं. माझ्यात शक्ती कुठून आली माहीत नाही, मी तिच्या हातावर नखं ओढली, कातडं निघालं. तिनं हात काढला नाही. त्याच बोटावरून थेंब थेंब साखरेचं पाणी आत सोडत राहिली. "गिळ गं बाई, गिळ," म्हणत राहिली. मी गिळलं.

हळूहळू आभाळ जागेवर आलं. पहिला मला भाऊ दिसला. भिंतीला टेकून बसला होता, ओठ फाटलेला. त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, ज्याला त्यानं मारलं होतं तो माणूस बरगडी धरून धापा टाकत होता. दोघंही माझ्याकडं बघत होते. ह्यांच्या हातात पकड तशीच होती.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून घेतलं. "खाणं बदललं, पीठ-साखर बंद झाली, पण गोळी तेवढीच ठेवली. वर जेवणही चुकलं. मग साखर खाली जाणारच. शुगर उतरायला लागल्यावर मला विचारायचं होतं ना!" त्यांनी गोळी अर्ध्यावर आणली. "आणि घरात साखर ठेवा. रोज खायला नाही, अशा वेळेला."

आता पोलिसांनी बोलावलं. ठाण्यात दोन्ही घरं समोरासमोर बाकांवर बसली, एकाकडं पट्ट्या, दुसऱ्याकडं पट्ट्या. हवालदार म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्ही सांगा." मी दातांतून शब्द ढकलत सांगितलं, "हिनं मला हंडा मारला. त्याआधी मी हिला पाइप मारला. आणि मी पडले तेव्हा ही मला वाचवत होती, ह्यांनी हिला ढकललं. ते पण लिहा."

"ते कशाला?" हे खालच्या आवाजात म्हणाले.

"लिहा," मी म्हणाले.

समझोता झाला. मोटार लाइनीवर परत बसवायची नाही, दोन्ही तक्रारी मागं. हे माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. मी केलं ते त्यांना परक्यासमोर थोबाडीत मारल्यासारखं वाटलं. मला तसं करायचं नव्हतं, पण त्या बाईचं फाटलेलं कोपर लिहिल्याशिवाय मला उठताही येत नव्हतं.

तारा निघाल्या त्या दिवशी डॉक्टरांनी एकेक तार कापून हिरडीतून ओढली. तोंड उघडलं ते जेमतेम बोटभर. सासूबाईंनी वांगं निखाऱ्यावर भाजलं, साल काढून चमच्यानं इतकं कुटलं की त्याला धागा राहिला नाही, वर दही आणि तेलाचे दोन थेंब. तो घास जिभेवर पडला आणि मी रडले. दुखण्यानं रडले की चवीनं, ते मला सांगता येणार नाही. अख्खी भाकरी मी अजून मागत नाही. भरीत, अंडं, शेपूची गरगटी भाजी, पनीर, कधी चतकोर भाकरी दुधात नाही तर आमटीत कुस्करून. शुगर ताब्यात आहे. जबडा मात्र डाव्या अंगाला किंचित वाकडाच जुळला आणि जांभई दिली की कटकन वाजतो.

माफी तिनं मागितली नाही, मीही नाही. पण त्याच उन्हाळ्यात एकदा गल्लीच्या तोंडाशी आम्ही दोघी टँकरची वाट बघत उभ्या होतो. तिच्या कोपरावर टाक्यांची जाड वेल उठली होती.

"उघडतं का आता?" तिनं विचारलं.

"दोन बोटं."

"उघडंल," ती म्हणाली. "रोज थोडं ताणत जावा. दुखंल, पर ताणत जावा."

टँकरचा हॉर्न वाजला. गल्लीतून बायका हंडे घेऊन पळत सुटल्या, कुणाचा तरी धक्का लागून एक म्हातारी पडली, शिव्या सुरू झाल्या. तिनं आपला हंडा माझ्या हातात देऊन म्हातारीला उचललं, आणि आम्ही दोघीही कोपरानं वाट काढत गर्दीत घुसलो.